घास आणि हक्क



सन २०२० च्या उन्हाळ्यात कसारा घाटाने माणुसकीची कसोटी पाहिली. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, रोजगार बुडाला आणि मुंबई-ठाण्यातील श्रमिक डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन आग्रा महामार्गाने पायीच घाट चढू लागले. वाटेत त्यांना जेवण व पाणी देणारा प्रत्येक हात वंदनीय होय.

तथापि, शिधापत्रिका गावी राहिल्याने अनेकांना येथील रास्त भाव दुकानात धान्य मिळत नव्हते. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा असूनही बहुतेकांची नोंदच नव्हती. मग मदत पोहोचवायची कोणापर्यंत? प्रवासभाडे घेऊ नये व अन्न पुरवावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ मे रोजी आला. तोवर कित्येकांनी घाट ओलांडला होता.

आज ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे परगावीही धान्य मिळू शकते. परंतु शहापूर-मुरबाडमधून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला हे सांगणार कोण?

अनुकंपादानात पात्र-अपात्र पाहत नाहीत. त्याच भावनेने भुकेल्यास घास द्यावा आणि त्याचा हक्कही त्याच्या हाती पडेपर्यंत सोबत करावी. घासाने प्राण वाचतो. हक्काने मान राहतो.

जय जिनेंद्र!