नव्या दूरचित्रवाणी-संचाची जुळणी

नवा दूरचित्रवाणी-संच घरीं आला म्हणजे पहिले आठ दिवस घरांतील सर्व मंडळी त्याच्यावर खूष असतात. नवव्या दिवशीं कोणाच्या तरी ध्यानांत येतें कीं, दुकानांत जें चित्र पाहून डोळे दिपले होते, तेंच रात्रीं दिवे मालवल्यावर डोळ्यांस खुपतें. क्रिकेटचें मैदान पोपटी दिसतें आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर ताप चढल्यासारखा तांबूसपणा येतो. मग एखादा जाणता स्नेही सुचवितो कीं, यंत्रें घेऊन घरीं येणारा कारागीर बोलवावा आणि संच शास्त्रशुद्ध रीतीनें जुळवून घ्यावा. अमेरिकेंत ह्या कामास कांहीं शें डॉलर पडतात. भारतांत असे कारागीर मोजकेच आहेत. संचासाठीं आधींच खिसा रिकामा केलेल्या गृहस्थानें आणखी एवढी रक्कम खर्चावी कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

जुळणी म्हणजे चित्र सुंदर करणें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः जुळणीचा हेतु चित्र प्रमाणाशीं मिळतें करणें हा होय. गवई तंबोरा जुळवितो तो षड्ज जागेवर यावा म्हणून. गोडी त्याच्या मागून येते. चित्रपटाचे अंतिम रंग ठरविणारा कलावंत मंद उजेडाच्या खोलींत एका प्रमाणित पडद्यापुढें बसून आपलें काम करतो. त्या पडद्यावरील पांढरा रंग ६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या सरासरी उजेडाच्या, जातीचा असतो. आणि नेहमींच्या चित्रांसाठीं त्याची प्रखरता प्रत्येक चौरस मीटरला १०० कँडेला एवढी बेताची धरलेली असते. कोणता तांबडा, कोणता हिरवा आणि कोणता निळा, हें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९० मध्यें ठरवून दिलें. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कोणत्या चढणीनें वाढाव्या, तें २०११ मध्यें. घरचा संच ह्या प्रमाणांजवळ आला, तर कलावंतानें जें पाहिलें तेंच प्रेक्षकास दिसतें. प्रभात कंपनीच्या ‘सैरंध्री’ ह्या १९३३ च्या रंगीत चित्रपटाच्या प्रती जर्मनींत तयार करविल्या होत्या, पण रंग मनाजोगे उतरले नाहींत. त्या काळीं रंग प्रयोगशाळेंत बिघडत. आज ते प्रयोगशाळेंतून सुखरूप निघतात आणि दिवाणखान्यांत येऊन बिघडतात.

ते बिघडतात ह्याचें कारण दुकान. लखलखीत दिव्यांखालीं वीस संच रांगेनें मांडले असतां, जो सर्वांत प्रखर आणि सर्वांत निळसर, तोच गिऱ्हाइकाच्या नजरेंत भरतो. म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा तत्सम नांवाची भडक मांडणी संचांत ठेवलेली असते, आणि तीच पुष्कळदां घरींही चालूं राहते. डोळा तर मोठा लबाड साक्षीदार! निळसर पांढऱ्याची त्यास संवय झाली कीं, खरा पांढरा त्याला पिवळट भासतो. संच प्रमाणावर आणला म्हणजे पहिल्या रात्रीं घरांतील एक तरी माणूस म्हणतेंच, “चित्र मळकट झालें.” चारपांच दिवस धीर धरल्यास तेंच माणूस जुन्या मांडणीकडे परत जाण्यास राजी नसतें. हे चारपांच दिवस ज्यांच्यानें काढवत नाहींत, त्यांनीं जुळणीवर पैसा खर्चूं नये.

पैसा खर्चण्यापूर्वीं जें फुकट होतें तें आधीं करून पाहावें, हें तर उघडच आहे. संचांतील ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ नांवाची मांडणी निवडली कीं, सुधारणेचा मोठा भाग तेवढ्यानेंच साधतो. ही दुसरी मांडणी २०१९ मध्यें जाहीर झाली. तिच्या आदल्याच वर्षीं टॉम क्रूझ ह्या नटानें दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी ह्यांच्यासह एक ध्वनिचित्रफीत काढून, सेकंदास २४ चित्रांच्या चित्रपटांत संचानें आपल्या पदरचीं चित्रें घुसडण्याची खोड बंद करावी, अशी प्रेक्षकांस विनंती केली होती. ती खोड बंद करावी. ‘ब्राइटनेस’ ह्या नांवानें तर लोक नेहमीं फसतात: पुष्कळ संचांत तो खटका उजेड वाढवीत नाहीं, काळा रंग उचलून राखाडी करतो. काळ्याहून किंचित् उजळ पट्टी जेमतेम दिसावी आणि काळ्याहूनही काळी पट्टी दिसूं नये, अशा परीक्षा-चित्रानें तो बसवावा. दुसऱ्याच्या संचावरील तांबड्या-निळ्याचे आंकडे मात्र उतरून घेऊं नयेत. एकाच कारखान्यांतील एकाच नमुन्याचे दोन संचही हुबेहूब सारखे नसतात.

कारागिराचें खरें काम येथून पुढें सुरू होतें. पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे राखाडी चौकोन एकामागून एक आणून तो त्यांतील तांबडा, हिरवा व निळा अंश मापकानें मोजतो आणि जेथें एक वरचढ होईल तेथें त्यास आंवरतो. प्रमाण आणि पडदा ह्यांतील चुकीस एक आंकडा असतो. तो तीनच्या खालीं गेला म्हणजे चालत्या चित्रांत ती चूक सहसा ओळखूं येत नाहीं. ह्या कामास कित्येक तास लागतात. पण पडद्याच्या अंगचे दोष त्यानें जात नाहींत. काळा मुळांतच फिका असेल, प्रकाश कोपऱ्यांत सांडत असेल, समोरच्या खिडकीचें प्रतिबिंब पडत असेल, तर कुशल कारागिराचाही इलाज चालत नाहीं. खिडकीस जाड पडदा लावणें हाच तेथें उपाय, आणि तो स्वस्तही आहे.

समजा, एका घरीं आजोबा दुपारीं दारें-खिडक्या उघड्या टाकून सामना पाहतात, संध्याकाळीं बातम्या आणि मालिका चालतात, आणि रात्रीं दहानंतर कोणी बसत नाहीं. अशा घरीं कारागीर बोलावणें व्यर्थ होय. दिवसाचा उजेड त्याच्या साऱ्या बारीक मेहनतीवर पाणी फिरवील. त्याच आजोबांचा मुलगा रोज रात्रीं दिवे मालवून जुने-नवे चित्रपट मन लावून पाहत असेल, संच वरच्या प्रतीचा असेल, आणि फुकटचे उपाय करूनही चेहऱ्यांचा रंग त्यास खटकत असेल, तर ही रक्कम वाजवी आहे. संच हलक्या प्रतीचा असल्यास तेवढेच पैसे पुढच्या वेळीं चांगला पडदा घेण्यासाठीं बाजूस टाकणें शहाणपणाचें. संच नवा कोरा असतांना घाई तर मुळींच करूं नये. शंभरएक तास तो चालूं द्यावा, कारण आरंभीं पडद्याचे रंग थोडेफार सरकतात.

बोलवावयाचेंच ठरल्यास कारागीर येण्यापूर्वीं निदान अर्धा तास संच चालू ठेवावा. दिवसासाठीं एक आणि रात्रीसाठीं एक अशा दोन मांडण्या त्याच्याकडून बसवून घ्याव्या, म्हणजे आजोबा व मुलगा ह्यांचें भांडण मिटेल. जुळणीपूर्वींची आणि नंतरचीं मापें मागून घ्यावीं; तीं देण्यास जो कांकूं करील त्यास दारांतूनच निरोप द्यावा. आणि शेवटीं बसविलेले सर्व आंकडे कागदावर उतरून तो कागद संचाच्या पावतीबरोबर ठेवावा, कारण संचाच्या आंतील आज्ञावली एखाद्या रात्रीं आपोआप बदलते, आणि सकाळीं पाहावें तों मैदान पुन्हां पोपटी झालेलें असतें.