इंग्रजीच्या वर्गातलं सोंग

राजूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलत आहोत. आजचा विषय आहे इंग्रजी बोलण्याच्या वर्गात आम्ही करतो त्या नाटकाचा. शिकवणारे त्याला रोल-प्ले म्हणतात. आम्ही सोंग म्हणतो.

सोंग आपल्याला नवं नाही. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत आपण तिची गाणी म्हणतो. त्यात सून विचारते, सासू उत्तर देते. लहानपणी आपण दोघींच्याही बाजूनं गायलो आहोत. इंग्रजीच्या वर्गातही तेच करायचं, फक्त भाषा वेगळी.

आमचं राजूर हे वणी तालुक्यातलं कोळशाचं आणि चुन्याचं गाव. कामासाठी बाहेरून आलेली माणसं इथंच राहिली, म्हणून मराठीसोबत हिंदी, तेलुगूही कानावर पडते. बाजारात आपण मोडकंतोडकं हिंदी बेधडक बोलतो आणि काम करून घेतो. इंग्रजीचं नाव निघालं की मात्र जीभ टाळूला चिकटते. असं का होतं?

२०१२ साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ सिनेमा आला होता. त्यात श्रीदेवी लाडू करून विकणारी गृहिणी झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये ती कॉफीच्या दुकानात जाते. कॉफी हा शब्द तिला येतो. पण काउंटरवरची बाई एकामागून एक प्रश्न विचारते आणि हिची धांदल उडते. बायांनो, आपलंही तसंच होतं. आपलं पहिलं वाक्य पाठ असतं. आपण अडतो ते समोरच्याच्या पुढच्या प्रश्नाला. तो प्रश्न पाठ करून येत नाही. तो कोणीतरी तोंडावर विचारावा लागतो. सोंग त्यासाठीच आहे.

बँकेचं उदाहरण घ्या. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. म्हणून या खेळात आम्ही गटाचं खरं पासबुक समोर ठेवतो. एक ताई बँकेची बाबू होते, दुसरी गटाची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणते, “आय वाँट टू डिपॉझिट दिस मनी.” बाबू विचारते, “सेव्हिंग अकाउंट ऑर लोन अकाउंट?” इथं घाबरून नुसतं “येस, येस” म्हटलं तर? हप्त्याचे पैसे बचत खात्यात जाऊन पडतील आणि कर्जाचा हप्ता थकलेला दिसेल. म्हणून उत्तर एका शब्दाचं का असेना, नेमकं हवं: “लोन.”

मग आम्ही खुर्च्या बदलतो. कालची अध्यक्ष आज बाबू होते. खेळातला हा भाग आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाबूच्या खुर्चीत बसल्यावर कळतं, की त्यालाही दोन-चारच गोष्टी हव्या असतात: कोणतं खातं, किती रक्कम, कोणाची सही. तो आपली परीक्षा घेत नसतो, फॉर्म भरत असतो. आणि हेही लक्षात ठेवा, की खातं उघडण्याचे, पैसे भरण्याचे छापील फॉर्म बँकेनं इंग्रजी, हिंदी आणि राज्याच्या भाषेत ठेवावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. “मराठी फॉर्म प्लीज,” हे वाक्यही आम्ही सोंगातच शिकलो.

दुसरा खेळ शाळेचा. गटातल्या एका ताईची मुलगी इंग्रजी शाळेत जाते. पालकसभेला ही कधी जात नसे, नवऱ्याला पाठवायची. म्हणायची, “मले काय समजते तिथं?” आम्ही तीन बैठका तिच्यासोबत पालकसभेचं सोंग केलं. आळीपाळीनं आम्ही मॅडम झालो, कधी रागीट, कधी घाईतल्या. चौथ्या आठवड्यात ती खरीच सभेला गेली आणि उभी राहून म्हणाली, “मॅडम, हाऊ इज माय डॉटर इन मॅथ्स?” मॅडमनी उत्तर मराठीत दिलं! मुलगी भागाकारात कच्ची आहे, हे त्या दिवशी आईला पहिल्यांदा थेट कळलं. आता दोघी रोज संध्याकाळी भागाकार करतात.

शाळेबद्दल आणखी एक माहिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाचणी घेऊन निवड करता येत नाही. आईला इंग्रजी येत नाही, हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही. आपण इंग्रजी शिकतो ते आपल्या सोयीसाठी.

तिसरा खेळ दवाखान्याचा. चिठ्ठीवर ओडी लिहिलं असेल तर गोळी दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. पेशंट झालेल्या ताईनं विचारायचंच, “बिफोर फूड ऑर आफ्टर फूड?” म्हणजे जेवणाआधी की नंतर.

चौथा खेळ फोनचा. एक ताई पाठ फिरवून बसते आणि खणखणीत इंग्रजीत धमकावते, “युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे!” तिचा पुढचा प्रश्न असतो ओटीपीचा. इथं उत्तर द्यायचं नाही, फोन ठेवायचा. बँक फोनवर ओटीपी मागत नाही, मग बोलणारा कितीही साहेबी बोलो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करायची.

तुमच्या गटात हे करायला वेगळा खर्च लागत नाही. बैठकीत बचत, कर्ज, हिशेब आटोपला की वीस मिनिटं काढा. आधी मराठीत ठरवा: कोण कोणाला भेटतंय आणि काय काम करून घ्यायचंय. मग तेच इंग्रजीत करा. तीन वाक्यं प्रत्येकीच्या पदरात असू द्या: “प्लीज स्पीक स्लोली.” “प्लीज से अगेन.” “प्लीज राइट इट डाऊन.” या वाक्यांनी समोरच्याला थांबवता येतं आणि आपल्याला विचार करायला वेळ मिळतो.

बोलणारीला मधेच टोकू नका. खेळ संपल्यावर आधी काय जमलं ते सांगा, मग चूक सांगा. हसू आलं तर हसा, पण सोंगावर हसा, बाईवर नको. ज्या ताईला लिहिता-वाचता येत नाही तिलाही घ्या. या खेळात कानाचं आणि जिभेचं काम आहे. आमच्याकडे सगळ्यात फर्डा बाबू अशाच एका आजी होतात. त्या असे प्रश्न विचारतात, की खरी बँक सोपी वाटावी.

येत्या बैठकीत एकच सोंग करून पाहा. कोणतं, ते आजच ठरवा. तुमच्यापैकी कोणाचं कोणतं काम भीतीपोटी अडून राहिलंय, तिथूनच सुरुवात करा.