मुंबई ते लंडन : किती तास?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शिक्षण रात्रशाळेपलीकडे गेलेले नाही. विमानांवर आम्ही काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण गेल्या वर्षी डोंबिवलीचे आमचे एक सहकारी, तीस वर्षे लेथवर राबलेले, लंडनला मुलाकडे निघाले आणि तिकीट घेऊन युनियनच्या कचेरीत आले. म्हणाले, "दुपारी १ ला सुटते, संध्याकाळी ६॥ ला पोचते. साडेपाच तास फक्त!"

आम्ही त्यांना समजावले. तिकिटावर दोन गावांची घड्याळे असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. ते साडेचार मिळवा, की झाले दहा तास. परतताना घड्याळ साडेतेरा तास दाखवील, पण विमान नऊएक तासच उडेल. उंचावरचा पश्चिमेचा जोरदार वारा त्याला मागून रेटत असतो.

मग अंतर. गृहस्थ भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावू लागले! सपाट नकाशा येथे फसवतो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावा. तो सुमारे ७,२०० किलोमीटरचा भरतो आणि कराचीजवळून वायव्येला जातो. त्याच कराचीहून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी टपालाचे विमान मुंबईला आणले. एअर इंडियाचे पहिले लंडनचे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा करीत गेले. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा हा दोरा कराचीलाच तुटला. वळसा आला, वेळ वाढला, इंधन वाढले.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. विमान जागचे हलल्यापासून पोचून थांबेपर्यंतचा वेळ उड्डाणाचा धरतात. वैमानिकाची ड्युटी मात्र तो हजर झाल्यापासून मोजतात, आणि ते योग्यच आहे. थकवा काही धावपट्टीवर सुरू होत नाही. पण कारखान्याच्या घड्याळात कार्ड घालीपर्यंत आमच्या माणसाचा वेळ कोणाच्याच हिशेबात नसतो. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ५७ मिनिटांत ठाण्याला आली. धिम्या लोकलला आजही जवळपास तेवढीच लागतात. डोंबिवली त्याच्याही पुढे. जायला दीड तास, यायला दीड तास, वर्षाचे ३०० दिवस धरा. नऊशे तास होतात. दहा तासांची एक फेरी धरली, तर लंडनच्या नव्वद फेऱ्या, त्याही बहुतेक उभ्याने.

हा हिशेब ऐकून गृहस्थ गप्प झाले. मग त्यांनी खिशातली वही काढली. पूर्वी ते तिच्यात ओव्हरटाइम टिपून ठेवीत. तिकिटावरचा दुपारचा १ बाजूला ठेवून त्यांनी लिहिले : घर सोडणे, सकाळी ६॥. मुलाच्या दारात पोचेपर्यंतची जागा कोरी ठेवली.