सीतेची वेणी इंदुरात

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आमच्या गॅलरीत लाकडाच्या ओंडक्याला बांधलेलं एक झाड आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे बांडगूळ घरात कशाला?" आजचं बोलणं त्यावरच.

बांडगूळ दुसऱ्या झाडाच्या खोडात शिरून त्याचा रस ओढतं. ही मात्र आमरी, म्हणजे ऑर्किड. झाडावर नुसतं बिऱ्हाड करते. पाणी पावसाचं, खाणं सालीत साचलेल्या पाल्यापाचोळ्याचं. शास्त्रात अशांना अपिवनस्पती म्हणतात. आमची जात सीतेची वेणी. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळट ठिपक्यांचे लोंबते तुरे येतात. आसामचं हे राज्यफूल. बिहूत तिथल्या मुली केसांत माळतात.

आमच्याकडे ती आली आईंच्या माहेराहून, सावंतवाडीकडून. घर विकलं गेलं, नव्या मालकानं परसातला फणस तोडला. पडलेल्या फांदीवरची दोन रोपं आम्ही उभयतांनी इंदूरला आणली. आणि मायेच्या भरात एक चक्क कुंडीत, काळ्या मातीत लावलं! रोज तांब्याभर पाणी. दीड महिन्यात मुळं कुजली. आई काही बोलल्या नाहीत, पण ती रिकामी कुंडी त्यांनी बरेच दिवस हलवू दिली नाही.

मग मात्र शिकलो. हिच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं, पण त्याला वाराही लागतो. मातीत मुळं गुदमरतात. कोरडी मुळं रुपेरी दिसतात, भिजली की हिरवट. रुपेरी दिसली तर पाणी द्यायचं, हिरवी असली तर हात आवरायचा. दुसरं रोप आंब्याच्या ओंडक्यावर, थोड्या नारळाच्या शेंड्या घालून, जुन्या सुती साडीच्या पट्टीनं बांधलं. जागा पूर्वेची, कोवळ्या उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लू चालते; तेव्हा मागे ओलं गोणपाट आणि दोन वेळा फवारा. बोअरिंगच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडले, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवतो.

त्याच फांदीवर बाशिंग नावाचं नेचंही आलं होतं. त्याची तळची तपकिरी पानं वाळलेली समजून आम्ही साफ खुडून टाकली. वाळकीच ती, पण त्यांतच पाचोळा साठतो, त्यावर बाशिंग जगतं. म्हणजे सफाईच्या नादात आम्ही त्याचं कोठारच उचकटलं. इंदूरकरांना हे सांगायला थोडी भीतीच वाटते!

हौस वाटली तर रोपवाटिकेतलं रोप घ्या, जंगलातलं ओरबाडू नका.

गेल्या मे महिन्यात, पाचव्या वर्षी, वीतभर तुरा आला. आईंनी भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. मामा म्हणाले, "फणसावर हातभर यायचा गं."

"येईल," आई म्हणाल्या, आणि फवाऱ्याची बाटली मागून घेतली.