तपासणी फुकट, हेलपाटे विकत

(एटापल्ली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांतून आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन मागण्यांवर येऊन थांबते. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा आणि खाटा वाढवा. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. त्या सोडण्याचे कारण नाही. परंतु सरकारी रुग्णालयात येणारी बहुसंख्य माणसे खाटेपर्यंत जातच नाहीत. ती बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहतात, केसपेपर काढतात, रक्त-लघवी तपासायला देतात आणि गावी परततात. या माणसांची तपासणी खरोखर पुरी होते काय, एवढाच प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले असल्यामुळे तो हिशेबाच्या अंगाने मांडतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत नोंदणी, तपासण्या व उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्हच होता. पैसे नाहीत म्हणून कोणालाही वैद्यकीय सेवा नाकारली जाऊ नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. मात्र खिडकीवरचे शुल्क ही तपासणीच्या खर्चातील सर्वांत लहान बाब होती, हे आपण विसरता कामा नये.

गट्ट्याच्या पलीकडच्या गावातील एखाद्या माडिया स्त्रीचे उदाहरण कल्पनेने घेऊ. तिला धाप लागते, सांधे दुखतात. पहिल्या खेपेस ती पोहोचते तेव्हा नमुने घेण्याची वेळ टळून गेलेली असते. दुसऱ्या खेपेस रक्त दिले जाते. अहवालासाठी तिसरी खेप. सोबत घरचे एक माणूस लागतेच. म्हणजे सहा दिवसांची मजुरी बुडाली. २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने हे १,८७२ रुपये झाले. प्रवास आणि जेवण निराळे. तेंदूपत्त्याचा हंगाम असेल तर नुकसान आणखी जड. ही रक्कम रुग्णालयाच्या कोणत्याही खातेवहीत सापडणार नाही, कारण ती सरकार भरत नसून तिचे घर भरते. मग ती तिसरी खेप टाळते. आदिवासींना आरोग्याची जाणीव नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तिचा निर्णय अडाणीपणाचा नाही, परवडण्याचा आहे. सरकारी नोंदवहीत मात्र तिची तपासणी 'झाली' अशीच मोजली जाते.

गेल्या वर्षी एका शहरातील रुग्णालयात मी स्वतः अशाच तपासण्या करून घेतल्या. रक्त उपाशीपोटी द्यावयाचे आहे हे आदल्या दिवशी कोणी सांगितले नाही, म्हणून पुन्हा जावे लागले. अहवाल तयार होता, पण भलत्याच खोलीत पडून होता. तो मी विचारत विचारत शोधून काढला. मला निवृत्तिवेतन मिळते, घर जवळ आहे, चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचता येते. त्यामुळे माझी नुसती गैरसोय झाली. या तिन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत, त्याचा उपचारच तेथे संपतो.

याचे परिणाम केवळ वेळेपुरते नसतात. आपल्या भागातील सिकलसेलचा आजार घ्या. रक्त कमी आहे एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या दिल्याने हा आजार बरा होत नाही. म्हणून तपासणी आवश्यक ठरते. गावात होणारी प्राथमिक चाचणी रक्तात सिकलचा दोष आहे एवढेच सांगते. माणूस केवळ वाहक आहे की आजारी, हे प्रयोगशाळेतील पुढच्या चाचणीनेच ठरते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो. तो दुसरा अहवाल घरी पोहोचलाच नाही, तर वाहक मुलगी विनाकारण रोगी ठरते, तिच्या लग्नाच्या बोलण्यात खोडा पडतो. आणि जी खरोखर आजारी आहे ती औषधावाचून वेदना सोसत राहते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. किती लोकांचे रक्त घेतले याची गणना त्यात होते. त्याच्या बरोबरीने किती घरांत अंतिम अहवाल समजावून दिला, याचीही गणना मागणे हे आपले काम आहे.

हे अशक्य नाही. हिवतापाचेच पाहा. १९७६ साली देशात हिवतापाच्या ६० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या काळी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन दूर पाठवीत आणि उत्तर येईपर्यंत ताप उतरलेला असे, नाहीतर माणूस गेलेला असे. आज आशा कार्यकर्ती गावातच तत्काळ चाचणी करते आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर रुग्णासमोर असते. गडचिरोलीच्या खेड्यांतील प्रशिक्षित स्त्रिया नवजात बालकांना घरीच वाचवू शकतात, हे बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने १९९९ साली जगापुढे मांडले. सेवा माणसाकडे सरकली की खर्चही उतरतो आणि जीवही वाचतो, हा धडा याच जिल्ह्याने दिला आहे.

विरळ वस्तीत अशी व्यवस्था परवडत नाही, असा आक्षेप येईल. सुरजागडचे लोहखनिज बाहेर नेण्यासाठी याच विरळ वस्तीतून वाहतूक परवडते! खाणग्रस्त भागासाठीच्या जिल्हा खनिज निधीत आरोग्य हा प्राधान्याचा विषय आहे. डोंगरातले लोह बाहेर नेणारा रस्ता रक्ताचे नमुने नेण्यास आणि अहवाल परत आणण्यास आखूड पडू नये. महात्मा फुले योजनेचा भर मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णांवर आहे; रांगेतल्या माणसाचे हेलपाटे तिच्या हिशेबात नाहीत. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. ते साल वचन न पाळताच उलटले.

तेव्हा मागण्या नेमक्या करू या. लांबून आलेल्यांचे नमुने त्याच दिवशी घेतले जावेत. ठरावीक मुदतीत अहवाल आशा कार्यकर्तीमार्फत गावात पोहोचावा आणि त्या कामाचा तिला मोबदला मिळावा. खिडकीवर माडिया बोलणारे माणूस असावे. तपासलेल्यांपैकी किती जणांना अहवाल मिळाला आणि किती जणांचे उपचार सुरू झाले, हा आकडा दरमहा फलकावर लावावा.

साथींनो, पुढील बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या गावातील पाच रुग्णांना तीन प्रश्न विचारून यावे: किती खेपा झाल्या, किती मजुरी बुडाली, अहवालात काय निघाले हे कोणी सांगितले काय? नावे नकोत, उत्तरे हवीत. ती कागदावर आली की निवेदनाचा मसुदा करावयास मी बसतो.