गल्लीने ठरवले तर



सप्टेंबर 1994 आठवा. प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. आपल्या लिंबायत-उधन्यातली कित्येक बिऱ्हाडे ताप्ती लाइनच्या गाड्यांत बसून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी सकाळी गल्लीत दिसू लागले आणि दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली गेली. रोगी औषधाने बरे झाले. शहर मात्र गल्लीतल्या कामाने सावरले.

कर्करोग प्लेगसारखा एका रात्रीत येत नाही, म्हणून त्याला कोणी भीत नाही. तो वर्षानुवर्षे आपल्या खिशातल्या पुडीत असतो. लूमवर बारा तासांची पाळी, डोळ्यांवर झोप, मग गालात मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्यामुळे निकोटीन लवकर रक्तात उतरते आणि गालाचे आतले अस्तर भाजत राहते. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्यांनीही ऐकावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. आपल्या आयाबाया लावतात ती मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

2012 मध्ये गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत गुटखाबंदी झाली. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. कायदा जिथे अडतो, तिथून पुढचे काम वस्तीचे.

वस्तीच्या हातून ते होते का? होते. दुसऱ्या एका कर्करोगाचे उदाहरण घ्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातून सौम्य ॲसिटिक आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करवली. उरलेल्या वस्त्यांच्या तुलनेत तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. महागडे यंत्र नव्हते. दार वाजवणारी ओळखीची बाई होती. अशा बाया लिंबायत-डिंडोलीच्या प्रत्येक गल्लीत आहेत.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. लग्नाकार्यात तंबाखू-सुपारीचे तबक फिरवणे बंद करा. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात एक संध्याकाळ तोंडाच्या तपासणीसाठी ठेवा. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी तिथेच गर्भाशयमुखाच्या तपासणीची तारीख ठरवावी आणि मुलींना या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आणि उद्या सकाळी प्रत्येकाने आरशासमोर तोंड उघडावे. तीन बोटे उभी मावत नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असली, तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला हे दुखत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.