पिंप सांडले तर

रस्त्यात मालमोटार उलटली की आपली माणसे धावत सुटतात. कोणी जखमीला बाहेर ओढतो, कोणी पाण्याची बादली आणतो. हा चांगुलपणाच. परंतु मोटारीत कारखान्यातला घातक कचरा असेल, तर तोच जिवावर बेततो.

कचरा म्हटले की आपल्याला केराची टोपली आठवते. हा कचरा निराळा. रंगांच्या, औषधांच्या कारखान्यांत उरलेली आम्ले, द्रावके, विषारी गाळ. आपल्या राज्यात तो विल्हेवाटीसाठी तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या केंद्रांत नेतात. म्हणजे तो तुमच्याआमच्या गावांवरूनच जातो. शुद्ध रसायनाचे निदान नाव ठाऊक असते. कचरा पडला मिश्रण! दिसायला पाणी, आत काय ते देव जाणे.

मग कळायचे कसे? मी इतिहास शिकवतो. आमच्याकडे आधी कागद, मग तर्क. इथेही तेच. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा मालाबरोबर सात प्रतींचे मालपत्र निघते, आणि अपघात झाल्यास काय करावे याचे पत्रक चालकाजवळ असावे लागते. मोटारीवर फलक असतो. त्यावर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि संकटकाळचे दूरध्वनी असतात. १८३२ हा आकडा दिसला, तर समजावे की आत वापरून झालेले गंधकाम्ल आहे. त्यावर बादली ओताल तर ते तापून अंगावर उडेल. चालक घाबरून पळाला तरी फलक तिथेच असतो. तो लांबून वाचावा.

वाचून झाले, आता करायचे काय? वाऱ्याच्या उलट्या अंगाला, उंचावर उभे राहावे. पुष्कळसे विषारी वायू हवेहून जड असतात, ते खोलगट जागी साचतात. विडी-काडी बंद, इंजिने बंद. ११२ किंवा १०१ वर फोन करून फलकावरचा क्रमांक सांगावा. बघ्यांना मागे सारावे. हे काम कोणीही करू शकतो. अंगावर उडाले असेल, तर कपडे काढून भरपूर वाहते पाणी घ्यावे; डोळ्यांत गेले तर निदान १५ मिनिटे. ओघळ अडवायचा तो साधने आणि पोशाख असलेल्या शिकलेल्या माणसांनी, कोरड्या वाळूने. भुसा टाकू नये; नत्राम्लावर तो पेट घेतो. आणि धुऊन गटारात? ते तर मुळीच नको.

का नको, ते सुरतेने दाखवले. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधला रासायनिक कचरा चोरून नाल्यात सोडला जात होता. विषारी वायू उठला आणि जवळच्या गिरणीतले ६ कामगार मेले. त्यांनी ना टँकर भरला होता, ना रिकामा केला होता. ते जवळपास होते, एवढेच.

तो अपघात नव्हे, गुन्हा होता. परंतु रीतसर काम करतानाही माल एका भांड्यातून दुसऱ्यात घेण्याची वेळ नाजूकच. चाकांना उटी लावली का, नळीचा सांधा घट्ट आहे का, खाली परात ठेवली का, पिंपात आधी काय भरले होते, हे आधी पाहावे. आणि झडपेपाशी उभा असलेल्या माणसाने चहाला जाऊ नये!

सांडलेले टिपले म्हणजे काम संपले, असेही नाही. ती वाळू, ते हातमोजे, खरवडलेली माती हाही आता घातक कचराच. तोही पिंपात भरून, नाव लिहून, त्याच केंद्राकडे गेला पाहिजे. शेताच्या बांधावर पडून राहिला, तर पहिल्या पावसात विहिरीत उतरेल.

महामार्गालगतच्या गावांनी एवढे करावे: शाळेत, चावडीवर, ढाब्यावर तो फलक कसा वाचायचा हे दाखवून ठेवावे. ज्याला तो वाचता येतो, असा एक जण तरी त्या वेळी तिथे असला पाहिजे.